नाकातला घाम

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, भर वाळवंटात, फिनिक्स नावाचं शहर वसलेलं आहे. त्या शहराचा एक नियम असा: पारा १०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या हिशेबाने ३७.८ अंश सेल्सिअसला पोचला, की शहराच्या डोंगरवाटांवर कुत्र्याला न्यायचं नाही. २०१६ पासून हे लागू आहे. मोडलात तर अडीच हजार डॉलरपर्यंत दंड, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. मजा म्हणजे त्याच वाटेने, त्याच उन्हात मालक एकटा निघाला तर एरवी त्याला कोणी अडवत नाही. (उष्म्याचा फारच कडक इशारा असेल तेव्हा कॅमलबॅक आणि पायेस्टेवा या दोन नावाजलेल्या डोंगरांच्या वाटा भर दिवसा माणसांनाही बंद करतात, पण ती पायरी बरीच वरची.)

३८ अंश म्हटल्यावर अकोल्याचा किंवा चंद्रपूरचा माणूस हसेल. तिथे मे महिन्यात एवढंच ऊन असलं तर लोक ‘आज बरं आहे’ म्हणतात. पण हा नियम माणसाच्या अंगाकडे बघून केलेलाच नाही. कुत्रा म्हणजे लांडग्याच्या कुळातला, मैलोन्‌मैल पळण्यासाठी घडलेला प्राणी. आपण दोन जिने चढलो की धापा टाकणार. मग उन्हात कच्चा तो आणि पक्के आपण, हे कसं? याचं उत्तर शोधत गेलं की कुत्र्याच्या नाकात असं काही सापडतं की थक्क व्हावं. आणि इतकी सुंदर व्यवस्था असूनही कायदा का करावा लागला, तेही कळतं.

आधी ती वाट कशी आहे ते बघू. फिनिक्सच्या दक्षिणेला साउथ माउंटन नावाचं सोळा हजार एकरांहून मोठं उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर हिरवळ डोळ्यांपुढे येत असेल तर ती पुसून टाका. हा सोनोरन वाळवंटातला उघडाबोडका डोंगर आहे. सग्वारो निवडुंग दोन-तीन मजले उंच वाढतो, पण खांबासारखा. त्याच्या सावलीत एक माणूस तिरका उभा राहील, बस्स. पालो व्हर्दे नावाचं झाड आहे, त्याची पानं इतकी बारीक की अन्न तयार करायचं बरंचसं काम त्याची हिरवी सालच करते. सावली त्याच्याही नावाला. खडकांवर लोह आणि मँगनीजचा काळपट थर चढलेला असतो. शेकडो वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या होहोकाम लोकांनी हा थर टोचून आतला फिकट दगड उघडा केला आणि त्यातून चित्रं काढली. ती आजही दिसतात. काळा रंग ऊन पितो. हवा चाळीस अंशांवर असते तेव्हा असला खडक साठीच्या पुढे सहज जातो.

आता या वाटेवर एक माणूस आणि त्याच्या पट्ट्याला मध्यम उंचीचं कुत्रं, असे दोघं चाललेत. हवामान खात्याचा आकडा दोघांना एकच, पण दोघांचं वाळवंट एक नाही. तापमापक जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, सावलीच्या पेटीत ठेवून मोजतात. म्हणजे तो आकडा साधारण माणसाच्या तोंडाजवळचा. कुत्र्याचं पोट जमिनीपासून हातभर उंचीवर असतं. तापलेल्या जमिनीलगत हवेचा सगळ्यात गरम थर असतो, आणि जमीन स्वतः खालून धग फेकत असते ती वेगळीच. वरून काय? जून महिन्यात फिनिक्सला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ऐंशी अंशांवर, म्हणजे जवळजवळ माथ्यावर असतो. उभ्या माणसाचं डोकं आणि खांदे तेवढे त्याच्या तावडीत सापडतात. आडव्या पाठीच्या प्राण्याची मात्र मानेपासून शेपटीपर्यंत सगळी पाठ शेकते. पीटर व्हीलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८४ साली हाच मुद्दा पुढे आणला: आपले पूर्वज दोन पायांवर उभे राहिले त्याच्या फायद्यांत माध्यान्हीच्या उन्हापासून झालेली ही सुटका धरायला हवी. हेच एकमेव कारण होतं असं आज फारसं कोणी म्हणत नाही, पण गणित चोख आहे.

राहिले पाय. कुत्र्याच्या पंजाखाली जाड, खरबरीत कातडीच्या गाद्या असतात, आतून चरबीचा थर. हे पाऊल थंडीसाठी किती छान घडलंय ते २०११ साली जपानमधल्या हिरोयोशी निनोमिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. पंजाकडे गरम रक्त नेणाऱ्या धमन्यांभोवती शिरांचं दाट जाळं असतं. पंजातून गार होऊन परतणारं रक्त वाटेतच त्या धमन्यांकडून ऊब घेतं, म्हणून कुत्रं बर्फावर उभं राहिलं तरी अंग गारठत नाही. तापलेल्या खडकापुढे मात्र ही कारागिरी चालत नाही. तिथे गादी भाजते, फोड येतात, कातडीचा पापुद्रा सुटतो. तिकडचे लोक निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू जमिनीला टेकवून सात सेकंद मोजतात. आपला हात टिकला नाही तर कुत्र्याचा पाय तिथे ठेवायचा नाही. काही जण कुत्र्याला चक्क बूट घालतात. पहिल्यांदा बूट चढवलेलं कुत्रं ज्या तऱ्हेने एकेक पाय उचलून टाकतं, ते बघून हसू आवरत नाही.

कुत्र्याला घाम येत नाही असं आपण म्हणतो ते पूर्ण खरं नाही. पंजाच्या या गाद्यांमध्ये घर्मग्रंथी असतात. पशुवैद्याच्या स्टीलच्या टेबलावर घाबरून उभं राहिलेलं कुत्रं उचललं की खाली चार ओले ठसे दिसतात, तो घामच. पण तळव्यांच्या घामाने सगळं अंग काय निवणार? माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि कातडी जवळजवळ उघडी असते. घामाचा एक लिटर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. चालताना अंगावरून वारा जातो, घाम वाळतो, आपण चालत राहतो. उन्हात तासन्‌तास चालू शकणाऱ्या सस्तन प्राण्यांत आपला नंबर फार वरचा लागतो, याची आपल्याला जाणीवच नसते.

कुत्र्याने हे काम नाकात नेलं आहे. त्याच्या लांब नाकाच्या आत कागदासारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांच्यावर ओलं, रक्ताने भरलेलं अस्तर. बाहेरून इवलंसं दिसणारं नाक आतून ऐसपैस असतं. कोरडी हवा या अस्तरावरून गेली की पाणी उडतं आणि खालचं रक्त गार होतं. म्हणून जितकी जास्त हवा फिरवता येईल तितकं बरं. कुत्रं धापा टाकतं ते दम लागला म्हणूनच नव्हे. पुष्कळदा ते फक्त हवा फिरवत असतं.

इथे एक पेच आहे. मिनिटाला तीनशे वेळा छातीचा भाता हलवायचा म्हणजे स्नायूंना श्रम, आणि श्रम म्हणजे पुन्हा उष्णता. गार होण्याच्या खटाटोपातच कुत्रं आणखी तापायला हवं. १९६२ साली युजीन क्रॉफर्ड यांनी याचा उलगडा केला. झोपाळ्याला स्वतःचा एक ठेका असतो. त्या ठेक्यावर बोटाने ढकललं तरी तो झुलतो, ठेका सोडून ढकलायला गेलं तर हात दुखून येतो. कुत्र्याची छाती आणि फुप्फुसं यांनाही असा अंगचा ठेका आहे, सेकंदाला सुमारे पाच. आणि कुत्रं धापा टाकतं ते नेमकं त्याच ठेक्यावर! त्यामुळे श्रम अगदी थोडे पडतात. ठेका सोडून तेवढीच हवा फिरवायची ठरवली असती, तर निघून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा तयार होणारी उष्णताच जास्त झाली असती. एकदा हे कळलं की घरच्या कुत्र्याकडे बघताना एक गोष्ट लक्षात येते. त्याचा श्वास हळूहळू वाढत तीनशेवर जात नाही. शांत श्वास चालू असतो, आणि मग एकदम धाप सुरू होते. थोडंच गरम होत असेल तर कुत्रं थोडा वेळ धापा टाकतं, तोंड मिटतं, पुन्हा टाकतं. मधला वेग त्याला परवडत नाही.

दुसरा पेच श्वासाचाच. आपण मिनिटभर असे भराभर श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जाऊन भोवळ येईल. कुत्र्याची धाप उथळ असते. बरीचशी हवा नाक, तोंड आणि श्वासनळी एवढ्यातच ये-जा करते. फुप्फुसांच्या खोलात, जिथे रक्ताशी देवाणघेवाण चालते, तिथे फारशी पोचत नाही.

हवा कुठून येते आणि कुठून जाते, हा प्रश्न कनूट श्मिट-नील्सन यांना पडला. नॉर्वेत जन्मलेला हा माणूस अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वाळवंटी प्राण्यांवर काम करत असे. उंटासमोर उभा असलेला त्यांचा पुतळा तिथे आहे. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड उघडं असतं, जीभ बाहेर लोंबत असते, तेव्हा हवा तोंडाने आत-बाहेर होत असणार असं कोणालाही वाटेल. १९७० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की हवा आत येते ती मुख्यतः नाकाने, आणि बाहेर पडते ती मुख्यतः तोंडाने. कारण उघड आहे. नाकात ओली, गरम झालेली हवा पुन्हा नाकातूनच सोडली तर जाता जाता ती गार अस्तरावर पाणी आणि उष्णता परत टाकून जाईल. तोंडातून सोडली तर सगळी बाहेर. शिवाय किती हवा कुठून सोडायची हे कुत्रं बदलू शकतं. म्हणजे ठेका तोच ठेवून गारवा कमी-जास्त करायची सोय.

आणि त्या अस्तराला इतकं पाणी पुरवतं कोण? दोन वर्षांनी, १९७२ साली, ब्लॅट, टेलर आणि हबल या तिघांनी दाखवलं की नाकाच्या दोन्ही बाजूंना आत दडलेली एकेक ग्रंथी आहे. हवा दहा अंशांवर असताना ती गप्प असते. हवा तापत जाईल तसं तिचं पाणी वाढत जातं, आणि ते नाकाच्या पुढच्या भागात, नेमकं हवा शिरते तिथे येऊन पडतं. कुत्र्याची श्वासावाटे होणारी वाफ उन्हात जेवढी वाढते, त्यातला पाचवा ते तिसरा हिस्सा ही जोडीच पुरवू शकते. घामाच्या ग्रंथींचं काम तेच, पण जागा नाकात. कुत्र्याचं नाक ओलं का असतं याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक हे.

मेंदूचीही वेगळी बडदास्त आहे. नाकातून आणि तोंडातून गार होऊन परतणारं रक्त कवटीच्या तळाशी एका कोनाड्यात जमतं आणि तिथूनच मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या जातात. १९७७ साली मेरी ॲन बेकर आणि लॉइड चॅपमन यांनी पळणाऱ्या कुत्र्यांत मोजलं, तर मेंदू हा अंगाकडून येणाऱ्या रक्तापेक्षा एक अंशाहूनही जास्त गार निघाला. अंग तापलेलं, डोकं थंड.

पाण्याच्या बाबतीत तर कुत्रं आपल्यापेक्षा शहाणं आहे. जीभ मागे, हनुवटीकडे वळवून ते पाण्यावर आपटतं आणि झटक्यात वर ओढतं. जिभेमागोमाग पाण्याचा खांब उठतो आणि तो कोसळायच्या आत कुत्रं जबडा मिटतं. २०१५ साली व्हर्जिनिया टेकमधल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किती प्यायचं याचा त्याचा अंदाज. रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड अडॉल्फ यांनी पाहिलं की पाणी घटलेल्या कुत्र्यापुढे भांडं ठेवलं तर काही मिनिटांत ते जवळपास तूट भरून काढतं आणि थांबतं. माणसाचं तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांबरोबर वाळवंटात काम करताना अडॉल्फ यांच्या चमूला दिसलं की हाताशी पाणी असूनही माणूस लागेल त्यापेक्षा कमीच पितो. खरी भरपाई जेवताना होते. तेव्हा वाटेवर कुत्र्यासाठी थांबणारा मालक स्वतःवरही उपकारच करत असतो.

मग एवढं सगळं असताना घोडं अडतं कुठे? नाकातल्या अस्तराचं क्षेत्रफळ कितीही असलं तरी ते माणसाच्या अख्ख्या कातडीएवढं नाही. ही व्यवस्था थोडा वेळ जोरात धावायचं आणि मग सावलीत पडून राहायचं, अशा जगण्याला शोभते. त्याच वाळवंटातला कोयोट बघा. शरीराची ठेवण कुत्र्याचीच, धापाही तशाच. पण उन्हाळ्यात तो दिवसभर झुडपाखाली नाहीतर बिळात असतो, तिन्हीसांजेला बाहेर पडतो, आणि पाणी नसेल तर कोरड्या ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून काढतो. जवळच राहणारा किट फॉक्स तर बरंचसं पाणी भक्ष्यातूनच मिळवतो. पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला ना बीळ निवडता येतं ना वेळ. आणि पट्टा नसला तरी मालक पुढे चालतोय म्हणजे ते चालणारच. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. उष्माघात म्हटलं की आपल्याला बंद मोटारीत अडकलेलं कुत्रं आठवतं. पण ज्या नोंदींत कारण कळत होतं त्यांतली जवळपास तीन चतुर्थांश प्रकरणं श्रमाने, म्हणजे फिरण्या-खेळण्याने झालेली होती. मोटारीतली शंभरात पाच-सहा. आणि तेही ब्रिटनसारख्या गार देशात! पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींबद्दल तर बोलायलाच नको. माणसाने हौसेपोटी त्यांचं हे नाकच दाबून टाकलं.

थकव्याची खूण जिभेवर वाचता येते. सुरुवातीला जीभ लांबट असते. गरम होत जाईल तशी ती टोकाला रुंद, पळीसारखी होते आणि कडा वर वळतात. लाळ घट्ट, चिकट होते. कुत्रं मागे रेंगाळतं, दिसेल त्या दगडाच्या सावलीत शिरतं. इथेच थांबायचं असतं. पुढच्या पायरीवर हिरड्या गडद लाल होतात, पाय लटपटतात; शरीर ४१ अंशांच्या वर जाऊन तिथेच राहिलं तर आतड्याचं अस्तर आणि रक्त गोठण्याची व्यवस्था दोन्ही ढासळू लागतात. अशा वेळी आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं. असेल ते पाणी अंगावर ओतायचं, वारा घालायचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या काम करणाऱ्या कुत्र्यांच्या केंद्रात एक सोपी युक्ती तपासली गेली, निष्कर्ष २०२४ साली आले. व्यायाम झाल्याझाल्या धडधाकट कुत्र्याने आपणहून डोकं पाण्यात बुडवलं, तर मानेवर गार टॉवेल किंवा बर्फाच्या पिशव्या ठेवण्यापेक्षा त्याचा परिणाम चांगला होतो. पाण्यातला खाऊ उचलायला शिकवलं की कुत्री हे हौसेने करतात. भोवळ आलेल्या कुत्र्यावर मात्र हा प्रयोग करायचा नाही.

नाक जमिनीला लावून चालण्याचे आणखीही तोटे या वाटेवर आहेत. रॅटलस्नेकचा दंश पुष्कळदा कुत्र्याच्या तोंडावरच होतो. ॲरिझोनाच्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. तिचे बीजकण धुळीबरोबर फुप्फुसात गेले की ‘व्हॅली फीव्हर’ होतो, माणसाला आणि कुत्र्याला दोघांनाही. खोकला येतो, कधी आजार हाडात उतरून कुत्रं लंगडू लागतं. ॲरिझोना विद्यापीठात कुत्र्यांसाठी त्यावर लस तयार होत आहे. आणि चोया निवडुंग! त्याचा कांडा नुसता घासला तरी तुटून केसांत रुततो. काट्यांना उलटे सूक्ष्म दाते असतात, म्हणून ओढला की मांसही ओढलं जातं. कुत्रं तो तोंडाने काढायला जातं आणि मग जिभेत, टाळ्यात काटे. म्हणून तिथले जाणकार खिशात साधा मोठ्या दातांचा कंगवा बाळगतात. कांडा आणि कातडी यांच्यामध्ये दात सरकवायचे आणि एका झटक्यात उडवायचा. उरलेले काटे चिमट्याने एकेक. उडवताना समोर कोणी उभं नाही ना, हे आधी बघायचं.

कुत्र्याला घेऊन निघायची खरी वेळ पहाटेची. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य वर येतो आणि लोक त्याआधीच वाटेला लागलेले असतात. संध्याकाळ तितकीशी कामाची नाही, कारण दिवसभर ऊन प्यायलेला खडक सूर्य गेल्यावरही बराच वेळ तापलेला असतो. २०२३ च्या जुलैत तर फिनिक्सच्या रात्रीही कित्येकदा ३२ अंशांच्या खाली उतरल्या नाहीत.

आता थोडा हिशेब. कुत्र्याच्या तोंडातून निघणारी हवा सुमारे ३८ अंशांची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली धरली, तर तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये ४६ ग्रॅम पाणी असतं. वाळवंटातली ४० अंशांची, दहा टक्के आर्द्रतेची हवा आत येताना जेमतेम ५ ग्रॅम घेऊन येते. म्हणजे जाताना ४१ ग्रॅम पाणी आणि त्याबरोबरची उष्णता नेते. कोकणातली मे महिन्यातली ३३ अंशांची, ऐंशी टक्के आर्द्रतेची हवा आधीच २८ ग्रॅम घेऊन शिरते. तिला नेता येतात फक्त १७-१८. तेवढ्याच गारव्यासाठी रत्नागिरीच्या कुत्र्याला फिनिक्सच्या कुत्र्याच्या दुपटीहून जास्त हवा फिरवावी लागणार, आणि ठेका तर ठरलेला. फिनिक्सचा नियम नुसत्या तापमानावर बेतला तरी चालतो, कारण तिथल्या हवेचा कोरडेपणा बहुतेक वर्षभर ठरलेलाच. आपल्याकडे असा नियम करायचा झालाच तर आर्द्रतेचा आकडा घालावा लागेल, आणि तापमान ३८ च्या बरंच खाली आणावं लागेल.

तसा नियम आपल्याकडे होणार नाही, आणि गरजही थोडी कमी आहे. सह्याद्रीत किल्ल्याच्या पायथ्याचं गावचं कुत्रं बोलावल्याशिवाय ट्रेकर्सच्या पुढे चालू लागतं, ते बिनपट्ट्याचं असतं. मे महिन्यात दहा वाजता ते करवंदीच्या जाळीत शिरतं आणि उन्हं उतरेपर्यंत हलत नाही. त्याला बिस्किटाचा पुडा दाखवून माथ्यापर्यंत ओढत नेणाऱ्यांचा मात्र मला मनस्वी राग येतो.